किरणोत्सारी वायूचं प्रमाण मोजताना चूक कुठून शिरते

द्रवरूप किरणोत्सारी प्रमाणद्रव्याची एक मोठी सोय असते. ते तराजूवर तोलता येतं. थेंब टाकला, वजन घेतलं, मोजणी केली की प्रतिग्रॅम बेकरेल (म्हणजे सेकंदाला किती विघटनं) हाती येतात. क्रिप्टॉन-८५, झेनॉन-१३३, अर्गॉन-३७, ट्रिटियम किंवा रेडॉन यांच्या बाबतीत ती सोय नाही. इथे वजनाची जागा आकारमान, दाब आणि तापमान या तिघांनी मिळून घ्यावी लागते, आणि तो वायू आपण समजतो त्याच जागी आहे ना, याची खात्री वेगळी करावी लागते.

नवीन माणूस काउंटरच्या आकड्यांकडे पाहत बसतो. दहा लाख काउंट झाले की सांख्यिकीय अनिश्चितता ०.१ टक्क्यावर येते आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण या क्षेत्रातल्या बहुतेक मोठ्या चुका काउंटरच्या आधी झालेल्या असतात, आणि तेच मोजमाप दहादा केलं तरी त्या दिसत नाहीत, कारण दहाही वेळा त्या तशाच होतात. हा लेख एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांसाठी आणि चिमणीवरचे वायुमापक कॅलिब्रेट करणाऱ्यांसाठी आहे. कामाच्या क्रमानेच पुढे जाऊ. सुरक्षेबद्दल इतकंच, की एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवानगीशिवाय आणि चालू फ्यूमहूडशिवाय यातलं काहीही करायचं नाही. आणि द्रव नायट्रोजनने गोठवलेला वायू बंद काचेत कोंडून गरम होऊ द्यायचा नाही.

पहिली पायरी: नेमकं काय सांगायचं आहे ते लिहून काढा

अँप्यूलमधली (वायू कोंडलेल्या बंद काचकुपीतली) एकूण सक्रियता हवी आहे की घनमीटरमागे किती बेकरेल ते हवं आहे? दुसरं असेल तर कोणत्या तापमानाला आणि दाबाला? ‘एसटीपी’ (प्रमाण तापमान आणि दाब) एवढंच लिहिणं पुरेसं नाही. शून्य अंश सेल्सिअस धरून दिलेला आकडा कोणी २० अंशाचा समजला तर ७.३ टक्के चूक, २५ अंशाचा समजला तर ९ टक्क्यांहून अधिक. दाबाचंही तसंच आहे. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२पासून प्रमाण दाब १०० किलोपास्कल धरला, तरी जुन्या सवयीने १०१.३२५ वापरणारे पुष्कळ आहेत. त्यात १.३ टक्के जातात. पुढे आपण ०.२ टक्क्यासाठी जिवाचं रान करणार आहोत, तेव्हा हे आधी वहीत स्पष्ट लिहा.

दुसरी पायरी: बाटलीत आणखी कोण आहे

वायू काउंटरच्या आत भरून मोजतो तेव्हा जवळपास प्रत्येक विघटन मोजलं जातं. तीच या पद्धतीची ताकद आणि तोच तिचा दोष, कारण काउंटर कोणाचं विघटन झालं ते विचारत नाही. झेनॉन-१३३मध्ये झेनॉन-१३१एम आणि झेनॉन-१३३एम (‘एम’ म्हणजे अणुकेंद्रकाची काही काळ टिकणारी, जास्त ऊर्जेची अवस्था) असण्याची शक्यता नेहमीच असते, आणि विखंडनातून आलेल्या मालात क्रिप्टॉन-८५सुद्धा असू शकतो. झेनॉन-१३१एमचं अर्धायुष्य सुमारे ११.९ दिवस आहे, तर झेनॉन-१३३चं ५.२५ दिवस. म्हणजे माल तीन आठवडे पडून राहिला तर झेनॉन-१३३ सोळाव्या हिश्श्यावर येतो, पण १३१एम जेमतेम साडेतीनपटीने घटतो. अशुद्धीचं प्रमाण त्यामुळे साडेचारपटीहून जास्त वाढतं. पहिल्या दिवशी नगण्य असलेली गोष्ट तीन आठवड्यांनी हिशेबात घ्यावीच लागते.

उपाय म्हणजे जर्मेनियम डिटेक्टरवर गॅमा वर्णपट घेणं: झेनॉन-१३३साठी ८१, १३१एमसाठी १६४, १३३एमसाठी २३३ आणि क्रिप्टॉन-८५साठी ५१४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. क्रिप्टॉनची ही गॅमा फक्त ०.४३ टक्के विघटनांत येते. त्यातून पॉझिट्रॉन नष्ट होताना येणाऱ्या, पार्श्वभूमीतल्या ५११च्या रेषेला ती खेटून असते, म्हणून ‘शिखर दिसत नाही, म्हणजे क्रिप्टॉन नाही’ असा निष्कर्ष घाईने काढू नका. शक्य असेल तर झेनॉन पूर्ण विरल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, तीच अँप्यूल पुन्हा पाहा.

तिसरी पायरी: वायू हलवणं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. अँप्यूल फोडून वायू काउंटरपर्यंत नेताना तो चार ठिकाणी हरवतो.

पहिलं ठिकाण म्हणजे अँप्यूल स्वतः. ५ मिलिलिटरची अँप्यूल ५०० मिलिलिटरच्या मॅनिफोल्डमध्ये (व्हॉल्व्ह लावलेल्या नळ्यांच्या जोडणीत) उघडली तर सुमारे एक टक्का वायू तिच्यातच राहतो. वाहक, म्हणजे किरणोत्सारी नसलेल्या, वायूने धुऊन घेतलं की तो शंभरपट कमी होतो. एकदा नव्हे, दोनदा धुवा आणि शेवटी रिकामी अँप्यूल गॅमा डिटेक्टरवर ठेवून पाहा.

दुसरं ठिकाण गोठवण-सापळा. ‘द्रव नायट्रोजन लावला, वायू गोठला’ हे वाक्य प्रत्येक वायूला लागू नाही. ७७ केल्विनला झेनॉनचा बाष्पदाब इतका कमी असतो की तो जवळपास पूर्ण अडकतो. क्रिप्टॉनचा मात्र त्याच तापमानाला सुमारे दोन टॉर असतो आणि अर्गॉनचा तर दोनशेच्या आसपास. म्हणजे साध्या थंड नळीत अर्गॉन फारसा अडकत नाही आणि क्रिप्टॉनचा काही भाग वर वायुरूपात फिरत राहतो. वर वाहक क्रिप्टॉन किती आहे त्यावर हा भाग अवलंबून असल्यामुळे नुकसान दरवेळी वेगळं होतं. क्रिप्टॉन-अर्गॉनसाठी सापळ्यात सक्रिय कोळसा हवा. पण कोळसा एकदा धरलेलं सहज सोडत नाही. वायू परत काढताना तो नीट तापवावा लागतो आणि काही राहिलं का ते नंतर मोजून पाहावं लागतं.

तिसरं ठिकाण भिंती. आकडा पाहिला की हे पटतं. एक मेगाबेकरेल झेनॉन-१३३ म्हणजे सुमारे ६५ हजार कोटी अणू. ऐकायला प्रचंड वाटतं, पण साध्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये त्याच्या काही कोटीपट रेणू असतात. इतक्या थोड्या अणूंपैकी काही काचेवर, ग्रीसमध्ये, रबरात गेले तर टक्केवारी लगेच दिसते. म्हणून स्थिर झेनॉन वाहक म्हणून आधीच मिसळतात, म्हणजे चिकटायच्या जागा त्याने भरतात. विखंडनातून आलेल्या क्रिप्टॉनबरोबर स्थिर क्रिप्टॉन आपसूक मुबलक येतो, ती एक सोय. सिलिकोन नळी, रबरी ओ-रिंग, व्हॅक्यूम ग्रीस ही तिन्ही या वायूंची आवडती घरं आहेत. रेडॉन तर सिलिकोनमधून सरळ आरपार जातो. शक्य तिथे धातूची सील आणि बेलोज व्हॉल्व्ह वापरा. झेनॉन प्लॅस्टिक सिंटिलेटरमध्ये (कण आदळला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये) मुरतो आणि पंपाने ओढूनही काही टक्के मागे राहतो, हे अणुचाचणीवर नजर ठेवणाऱ्या झेनॉन-मापकांना चांगलंच नडलं. शेवटी सिंटिलेटरवर अॅल्युमिनाचा अतिपातळ थर चढवून ते आटोक्यात आणलं गेलं.

ट्रिटियमचं दुखणं वेगळं. हायड्रोजनरूपात असलेला ट्रिटियम ठीक वागतो, पण पाण्याच्या रूपात गेला की प्रत्येक पृष्ठभागावर बसतो आणि पुढचे कित्येक दिवस थोडा थोडा सुटत राहतो.

चौथं ठिकाण म्हणजे न मिसळलेला वायू. किरणोत्सारी वायू आधी आत घेतला आणि त्यामागून काउंटिंग गॅस (काउंटर चालवण्यासाठी भरायचा वायू) सोडला, तर मागचा वायू पुढच्याला बंद टोकाकडे ढकलतो. आपोआप मिसळेल म्हणून थांबायचं, तर वातावरणीय दाबाला ३० सेंटिमीटरच्या अरुंद नळीत विसरणाने वायू एकजीव व्हायला तासाहून अधिक लागतो. फिरता पंप असेल तर उत्तम. नसेल तर मॅनिफोल्डची एक बाजू किंचित तापवून अभिसरण करा. मिसळलं की नाही ते काउंटरच सांगतो: दर पंधरा मिनिटांनी मोजणीदर लिहा, तो अर्धायुष्याच्या हिशेबाबाहेर सरकायचा थांबेपर्यंत पुढे जाऊ नका.

चौथी पायरी: आकारमान, दाब, तापमान

आकारमान पाणी भरून तोलून काढतात किंवा ज्ञात फ्लास्कमधून वायू पसरवून. पाण्याच्या पद्धतीत बुडबुडे आणि व्हॉल्व्हच्या खाचा त्रास देतात. पसरवण्याच्या पद्धतीत चुका साठत जातात, म्हणून दोन्ही करून ताळा घ्या. नळकांड्याच्या व्यासात हजारात एक चूक झाली की आकारमानात दोन होते, हे विसरायला होतं.

तापमानात एक अंशाची चूक म्हणजे ०.३४ टक्का. थर्मामीटर खोलीच्या भिंतीवर नको, काउंटरच्या धातूला चिकटलेला हवा. एअर कंडिशनरचा झोत मॅनिफोल्डच्या एकाच बाजूवर येत असेल किंवा नायट्रोजनचा थर्मास अजून सापळ्याला लागलेला असेल, तर ‘वायूचं तापमान’ नावाची एकच गोष्ट अस्तित्वातच नसते.

दाबात एक हेक्टोपास्कल म्हणजे ०.१ टक्का. इथे एक खास आपल्याकडची चूक सांगतो. काही जण हवामानाच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाइलवरून दाब घेतात. तो बहुधा समुद्रसपाटीवर उतरवलेला असतो. मुंबईत फारसं बिघडत नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि तिथला खरा दाब सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो. उघड्या आयनीकरण कक्षाच्या किंवा वाहत्या वायूच्या काउंटरच्या हिशेबात हे सहा टक्के जसेच्या तसे उतरतात. स्वतःचा, कॅलिब्रेट केलेला दाबमापक वापरा.

पाचवी पायरी: काउंटरच्या आत

प्राथमिक मोजमापाची रूढ पद्धत म्हणजे वायू मिथेन किंवा पी-१० (९० टक्के अर्गॉन, १० टक्के मिथेन) यांच्यात मिसळून प्रपोर्शनल काउंटरच्या (मधोमध तार असलेल्या, ऊर्जेच्या प्रमाणात स्पंद देणाऱ्या नळीच्या) आत भरणं. काउंटरच्या टोकांना विद्युतक्षेत्र दुबळं पडतं आणि तिथली विघटनं निसटतात. ती किती, हे थेट मोजता येत नाही. म्हणून एकाच व्यासाचे, एकाच तारेचे, तंतोतंत सारख्या टोकांचे पण वेगवेगळ्या लांबीचे काउंटर घेतात. लांबाचा दर वजा आखूडाचा दर, भागिले दोघांच्या आकारमानांतला फरक. टोकांची चूक दोघांत सारखी असल्याने वजाबाकीत जाते.

कल्पना सुरेख आहे, पण ‘सारखी’ हा शब्द तिचा सगळा भार वाहतो. तार एका काउंटरमध्ये किंचित मध्याबाहेर असेल तर प्रवर्धन बदलतं. लोह-५५च्या ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या शिखरावर सगळे काउंटर एकाच जागी जुळवून घ्या. शिवाय वजाबाकी चूक मोठी करते. आखूड काउंटर लांबाच्या निम्मा असेल तर लांबाच्या दरातली ०.१ टक्का चूक उत्तरात ०.२ होऊन येते. तीन काउंटर असतील तर तीन जोड्यांची तीन उत्तरं मिळतात. ती जुळत नसतील तर सरासरी काढून मोकळं होऊ नका, कुठला काउंटर वेगळा वागतो ते शोधा.

दुसरी चूक भिंतीची. भिंतीलगत जन्मलेला बीटा कण थेट धातूत घुसला तर वायूत नाममात्र ऊर्जा सोडतो आणि त्याची स्पंद थ्रेशोल्डखाली (मोजली जाण्याच्या किमान पातळीखाली) राहते. क्रिप्टॉन-८५ची बीटा ६८७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते म्हणून तिथे थ्रेशोल्डची चिंता नाही, असं पुष्कळांना वाटतं. उलट आहे. असा वेगवान कण अर्गॉनसारख्या वायूत सेंटिमीटरमागे दोन-तीन किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच सोडतो. तीन सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून तो आरपार जातो आणि स्पंद छोटीच मिळते. त्यामुळे दोन गोष्टी कराव्या लागतात. थ्रेशोल्ड पाच-सहा ठिकाणी बदलून मोजायचं आणि शून्य ऊर्जेपर्यंत रेषा वाढवायची. मग भरणदाब बदलून मोजायचं आणि दाबाच्या व्यस्तावर उत्तर मांडून अनंत दाबाकडे जायचं. थ्रेशोल्ड फार खाली नेला तर इलेक्ट्रॉनिक गोंगाट आणि खऱ्या स्पंदामागून येणाऱ्या उपस्पंद शिरतात, म्हणून रेषा वळायला लागते त्या बिंदूच्या वर थांबा.

अर्गॉन-३७मध्ये हाच प्रश्न अधिक बोचतो. त्याचं केंद्रक स्वतःच्याच कवचातला एक इलेक्ट्रॉन गिळतं, आणि स्पंद कवचावर ठरते. के-कवचाची २.८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची स्पंद सहज मिळते, पण जवळपास नऊ टक्के विघटनं एल-कवचातून होतात आणि त्यांची स्पंद ०.२७ची असते. थ्रेशोल्ड त्याखाली नेता आला तर बरं. नाहीतर के-कवचाच्या अंशासाठी तक्त्यातल्या किमतीवर विसंबावं लागतं, आणि मग तिची अनिश्चितता आपल्या खात्यावर येते.

डेड टाइम (एका स्पंदेनंतर काउंटर आंधळा असतो तो काळ) तर सगळ्यांना माहीत असतो आणि तरी चुकतो.

खरा दर = मोजलेला दर ÷ (१ − मोजलेला दर × डेड टाइम)

सेकंदाला ५००० मोजणी आणि २० मायक्रोसेकंद डेड टाइम असेल तर दुरुस्तीच ११ टक्क्यांची होते. डेड टाइममध्ये एक मायक्रोसेकंद चुकला तर अर्ध्या टक्क्याहून जास्त चूक. लांब-आखूड वजाबाकीत ही जात नाही, कारण लांब काउंटरचा दर मोठा असल्याने त्याचं नुकसानही जास्त असतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ठरावीक, न लांबणारा डेड टाइम मुद्दाम घाला, तो पल्सरने (कृत्रिम स्पंद देणाऱ्या उपकरणाने) मोजा आणि शक्यतो सेकंदाला हजार-दोन हजारांवर जाऊ नका.

ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ इलेक्ट्रॉन गिळतात आणि स्पंद लहान होते. पावसाळ्यात मॅनिफोल्ड उघडला असेल तर रात्रभर पंप चालू ठेवण्याला पर्याय नाही. भरल्यानंतर लोह-५५चं शिखर तासागणिक खाली सरकत असेल तर गळती आहे. ते मोजमाप टाकून द्या.

सहावी पायरी: घड्याळ

प्रमाणपत्रावरची संदर्भवेळ बहुधा यूटीसीमध्ये असते आणि आपल्या भिंतीवरचं घड्याळ साडेपाच तास पुढे. हा फरक विसरला तर झेनॉन-१३३मध्ये ३ टक्के, रेडॉन-२२२मध्ये ४ टक्के चूक. अर्गॉन-४१चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं, तिथे उत्तर थेट आठपटीने चुकतं, त्यामुळे ती चूक निदान लगेच ध्यानात येते. तीन टक्क्यांची येत नाही. प्रत्येक नोंदीपुढे ‘आयएसटी’ किंवा ‘यूटीसी’ लिहिण्याची सवय लावा.

मोजणी चालू असतानाही वायू विरत असतो. अर्गॉन-४१ अर्धा तास मोजला तर सरासरी दर सुरुवातीच्या दराहून सुमारे ९ टक्के कमी येतो. ती दुरुस्ती वेगळी करायची असते. क्रिप्टॉन-८५च्या १०.७५ वर्षांपुढे या भानगडी फारशा नाहीत.

सातवी पायरी: अँप्यूल आणि आयनीकरण कक्ष

रोजच्या वापरात कोणी वायू पुन्हा पुन्हा काउंटरमध्ये भरत नाही. काचेत बंद केलेली अँप्यूल विहीर-आकाराच्या आयनीकरण कक्षात ठेवतात आणि प्राथमिक मोजमापावरून काढलेल्या गुणकाने भागतात. पॅरिसजवळच्या बीआयपीएम या आंतरराष्ट्रीय मापन संस्थेची १९७६पासूनची आंतरराष्ट्रीय संदर्भप्रणाली अशाच कक्षावर चालते आणि तिच्यात वायूच्या अँप्यूलही घेतल्या जातात.

इथे काच बोलते. झेनॉन-१३३ची ८१ची गॅमा आणि ३०च्या आसपासचे क्ष-किरण काचेच्या जाडीवर चांगलेच अवलंबून असतात. दुसऱ्या बनावटीची, जाड तळाची किंवा शिसं असलेल्या काचेची बाटली वापरली की गुणक बदलला. प्लॅस्टिक सिरिंजमधला झेनॉन काचेच्या बाटलीच्या गुणकाने मोजणं ही रुग्णालयांच्या डोस कॅलिब्रेटरवर होऊ शकणारी चूक याच जातीची. आणखी एक: द्रव तळाशी बसतो, वायू मानेपर्यंत भरतो. त्यामुळे द्रवाने काढलेला उंचीचा गुणक वायूला लावता येत नाही.

चिमणीवरच्या मापकांत वेगळाच घोळ असतो. कॅलिब्रेशन क्रिप्टॉन-८५ने होतं, कारण तो टिकतो. चिमणीतून जातो मात्र दुसराच वायू. तारापूरसारख्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीत तो मुख्यतः झेनॉन-क्रिप्टॉनचं मिश्रण असतो. हवा न्यूट्रॉनांत सापडते अशा भट्ट्यांत तो अर्गॉन-४१. क्रिप्टॉन-८५च्या बीटाची सरासरी ऊर्जा सुमारे २५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, झेनॉन-१३३ची १००, अर्गॉन-४१ची साडेचारशेच्या वर. डिटेक्टरसमोर साधी पातळ फिल्म असली तरी तिघांचा प्रतिसाद वेगळा येतो. ‘क्रिप्टॉन-समतुल्य’ असं स्पष्ट न लिहिता सरळ बेकरेल लिहिणं म्हणजे पुढच्या माणसाला खड्ड्यात ढकलणं.

रेडॉनसाठी वेगळं

रेडॉन हा एकटा कधीच नसतो. त्याची अपत्यं काही मिनिटांत तयार होतात आणि भिंतींवर बसतात. ल्युकास सेलमध्ये (आतून झिंक सल्फाइडचा थर दिलेल्या, अल्फा मोजणाऱ्या कुपीत) भरल्यावर तीन तास थांबल्याशिवाय मोजू नका. समतोल आल्यावर प्रत्येक रेडॉन-विघटनामागे तीन अल्फा मिळतात, त्याआधी एक ते तीन यांच्या दरम्यान कितीही मिळू शकतात. रेडियमच्या बंद द्रावणातून रेडॉन मिळवत असाल तर ३० दिवसांनी तो ९९.६ टक्क्यांवर पोचतो. घाई असेल तर थांबलेल्या दिवसांचा गुणक लावा, पण ‘महिना झाला म्हणजे पूर्ण झाला’ असं धरू नका.

प्राथमिक मोजमापासाठी फ्रान्समध्ये जीन-लुई पिकोलो यांनी १९९०च्या दशकात मांडलेली पद्धत आज अनेक राष्ट्रीय प्रयोगशाळा वापरतात: रेडॉन निर्वातात एका थंड बिंदूवर गोठवायचा आणि ज्ञात घनकोनातून (त्या बिंदूवरून डिटेक्टर जेवढा दिसतो तेवढ्या कोनातून) त्याचे अल्फा कण मोजायचे. इथे आकारमान, दाब, भिंतीचा परिणाम सगळं बाजूला पडतं. त्यांच्या जागी दोनच प्रश्न येतात: सगळा रेडॉन खरंच त्या बिंदूवर बसला का, आणि घनकोनाची भूमिती किती अचूक माहीत आहे.

शेवटची पायरी: अंदाजपत्रक, पण तपासून

अनिश्चिततेचा तक्ता करताना प्रत्येक ओळीपुढे लिहा की हा आकडा मोजून आला, तक्त्यातून घेतला की अंदाजाने धरला. अंदाजाच्या ओळी जास्त असतील तर तक्ता सुबक असूनही कच्चा आहे. त्या ओळी कमी करायचा मार्ग म्हणजे मुद्दाम काहीतरी बदलणं. वाहक वायू दुप्पट करा. भरणदाब बदला. पी-१०ऐवजी मिथेन वापरा. मोजणीदर चौथाईवर आणा. उत्तर हललं नाही तर ती ओळ लहान ठेवायचा अधिकार मिळाला. हललं तर, जितकं हललं त्याचा खुलासा मिळेपर्यंत, तितकी अनिश्चितता मुकाट्याने धरायची. झेनॉनसारखा अल्पायुषी वायू हाताशी असेल तर तोच काउंटरमध्ये ठेवून चार-पाच अर्धायुष्यं रोज मोजा. लघुगणकी आलेखावर सुरुवातीला रेषा खाली दबली तर डेड टाइम, शेवटी वर उचलली तर अशुद्धी किंवा पार्श्वभूमी.

आणि पुढचा नमुना भरण्याआधी काउंटर रिकामा करून, ताजा काउंटिंग गॅस भरून, किमान एक रात्र पार्श्वभूमी मोजा. ती पहिल्या दिवसापेक्षा वाढलेली असेल तर जास्तीचा वायू अजून भिंतीत किंवा ओ-रिंगमध्ये आहे. तो आधीच्या नमुन्याच्या हिशेबात कमी पडलेला आहे आणि पुढच्यात जास्त पडणार आहे, म्हणून दोन्ही नोंदी दुरुस्त कराव्या लागतील.